आधी लेप, मग डॉक्टर?

महोदय,
मधुमेहाच्या जखमेवर हळद, कोरफड, दगडी पाला यांचे अर्क गुणकारी असल्याचे संदेश सध्या फिरत आहेत. संशोधन खोटे नाही, पण त्यातले बरेचसे उंदरांवरचे. उंदराची जखम मुख्यतः कातडी आकसून मिटते, माणसाची नवे मांस भरून. शिवाय प्रयोगातला अर्क प्रयोगशाळेत काढलेला, मोजून घेतलेला. परसातून तोडून पाट्यावर वाटलेला पाला तसा नसतो. मधुमेहात पायाची संवेदना जाऊ शकते, रक्तपुरवठा घटू शकतो. आत पू झाला तरी अनेकदा कळत नाही. आमच्या पेठेत मात्र आधी लेप, मग डॉक्टर! लेप विकणाऱ्या दुकानदारांनी ‘जखम डॉक्टरांना दाखवली का?’ एवढे तरी विचारावे.

– एक वाचक, शुक्रवार पेठ, पुणे