अँथुरियमला रोज पाणी नको

पुणे, रविवार दुपार

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

इंदूरहून सुखरूप पोचले. डबा अर्ध्या वाटेतच संपला, पोह्यांवरच्या जीरावण मसाल्याची पुडी मात्र फुटली आणि माझ्या दोन ओढण्यांना अजून त्याचाच वास येतोय.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण तुमचा फोन स्पीकरवर असतो, बाबा टीव्हीचा आवाज कमी करत नाहीत आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत आई "जेवलीस का" विचारते. म्हणून कागद घेतला. हे पत्र फ्रिजवर लावून ठेवा. शेवटचं पान मात्र लावू नका, ते तुमच्या दोघांचंच आहे.

तर अँथुरियम. बुधवारी गॅलरीत जुने पेपर पसरून आपण तिघांनी कुंडी उलटी केली, तेव्हा झाड बाहेर यायलाच तयार नव्हतं, आठवतंय ना? कडेनं सुरी फिरवली, बुडाला थापट्या मारल्या, तेव्हा कुठे मातीचा गोळा अख्खाच्या अख्खा निघाला. भाजलेल्या विटेसारखा वरून कडक, खाली मात्र चिखल, आणि वास थेट नाल्याचा. बाबा म्हणाले, "सहा वर्षं जगलंय की यातच." जगलं, खरं आहे. पण गेली दोन वर्षं त्यानं फूल दिलेलं नाही, आणि आई रोज त्याला "आळशी" म्हणत होती. आळशी नव्हतं ते बिचारं, बुडत होतं.

गोळा फोडल्यावर आत जाळीचा काळा प्लास्टिकचा पेला सापडला. नर्सरीवाले रोपटं ज्यात वाढवतात तो. बाबांनी तो न काढता तसाच मातीत पुरला होता. मुळं जाळीतून जितकी निसटली तितकी निसटली, बाकीची आतल्या आत वळसे घेत बसली होती. कात्रीनं जाळी कापताना बाबांचा चेहरा पाहिला मी. अहो, त्यात तुमची काही चूक नाही. तो पेला काढायचा असतो हे नर्सरीत कुणी सांगत नाही, मलाही माझं पहिलं झाड मेल्यावरच कळलं.

आता काळ्या मातीचं. तुम्ही राऊकडच्या शेतातून मुद्दाम पोतं भरून आणलीत, आणि "मालव भूमि गहन गंभीर, पग पग रोटी डग डग नीर" असं म्हणून दाखवलंत. माती सोन्यासारखीच आहे, गव्हाला, हरभऱ्याला, सोयाबीनला. पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि ओल धरून ठेवते म्हणून तर रब्बीचं पीक उभं राहतं. पण हे झाड शेतातलं नाहीच. ते मूळचं कोलंबिया-इक्वेडोरकडच्या पावसाळी जंगलांतलं. एदुआर आंद्रे नावाच्या फ्रेंच माणसानं १८७६ साली ते कोलंबियात गोळा केलं, आपल्याकडच्या या जातीला 'आंद्रेआनम' म्हणतात ते त्याच्यावरूनच. तिथे ते मोठ्या झाडांच्या खोडांवर, कुजक्या पाचोळ्यात वाढतं. पाऊस येतो, मुळं भिजतात आणि लगेच वाऱ्यानं सुकतात. मुळांवर स्पंजासारखं पांढरट आवरण असतं, त्यातून ती पाणी शोषतात. अशा मुळांना गहन गंभीर मातीत कोंबलं की हवा मिळत नाही आणि ती सडतात.

म्हणून मी नारळाच्या जटा मागितल्या, तेव्हा आईला वाटलं मी भांडी घासायला बसणार. संकष्टीच्या नारळांच्या जटा तू पोत्यात साठवल्या होत्यास म्हणून बरं झालं. त्यांचे अंगठ्याएवढे तुकडे केले, रात्रभर पाण्यात भिजवून तांबडं पाणी दोनदा ओतून दिलं. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून न पेटलेले कोळसे आणले, मागच्या बांधकामातल्या विटा फोडल्या, आणि वर मूठ-दोन मूठ पानांचं जुनं खत. बाबांचं वाक्य मी पुण्यात सगळ्यांना सांगितलंय: "ही कुंडी आहे की चूल?" चूल असूदे. तिच्यातून वारा फिरतो.

कुंडी मोठी का घेतली नाही, असं आईनं दोनदा विचारलं. जुनी आठ इंची होती, नवी दहाची घेतली, तीही मातीची. दोन इंचांपेक्षा मोठी उडी घ्यायची नाही. कुंडी फार मोठी झाली तर मुळं पोचत नाहीत अशा जागी ओल साचून राहते, आणि पुन्हा तेच रामायण. खोडाला वरच्या बाजूनं फुटलेली जी हवेतली मुळं होती, ती कापायची नाहीत म्हणून मी ओरडले, त्याबद्दल सॉरी. झाड जुनी पानं टाकत टाकत उंच होतं, मग त्याचं खालचं खोड उघडं पडतं. म्हणून ते थोडं खोल बसवलं, म्हणजे ही मुळं जटांमध्ये शिरतील. नवं पान जिथून निघतं तो कोंब मात्र वरच राहू दे.

सडलेली मुळं कशी ओळखायची ते बाबांनी लगेच शिकून घेतलं. पांढरी, टणक ती ठेवायची. तपकिरी, लिबलिबीत, चिमटीत धरून ओढलं की साल निघून आत दोरा उरतो, ती कापायची. तिसरा हिस्सा तरी कापला असेल आपण. आईनं कापलेल्या जागी हळद लावली. मी हसले, पण लावू दिली.

आणि माझे हात! हातमोजे घालायचा कंटाळा केला आणि संध्याकाळपर्यंत खाजवत बसले. आई तेव्हा म्हणाली, "अळू चिरल्यासारखं दिसतंय." अगदी बरोबर ओळखलंस. अँथुरियम अळवाच्याच कुळातलं आहे, सुरणही त्यातलंच. तिन्हींच्या अंगात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. फदफद्यात आपण चिंच घालतो आणि भरपूर शिजवतो, कारण घसा वाचवायचा असतो. हे मात्र शिजवून खायचं नाही हं. शेजारची चिमुरडी खेळायला येते ना, तिच्या तोंडात पान जाणार नाही एवढं बघ.

फुलाचं भांडणही मिटवून टाकते. बाबा म्हणतात ते लाल म्हणजे पानच, फूल नव्हे, गणपतीला वाहायचं नाही. बाबांचं अर्धं बरोबर आहे. ते लाल चकचकीत खरोखरच रूप बदललेलं पान आहे. पण मधला जो पिवळा दांडा असतो, त्याच्यावरचा प्रत्येक बारीक ठिपका एक-एक फूल असतो. म्हणजे आई एक वाहते आणि देवाला पोचतात शेकडो.

आता काय करायचं ते. गणपती होईपर्यंत कसलंही खत नको, ते निळं तर नकोच. एखाददुसरं पान पिवळं पडलं तर घाबरू नका, मुळं कापलीत, तेवढं होणारच. जागा गॅलरीच्या आतल्या बाजूला, उजेड भरपूर पण ऊन अंगावर नको. टीव्हीशेजारी शोभेसाठी परत नेऊ नका. थंडीत रात्री पारा दहाच्या खाली जातो तेव्हा आत घ्या, आणि उन्हाळ्यात कूलरच्या खोलीत ठेवा पण कूलरच्या तोंडासमोर नको. कुंडी बाबांनी उचलायची नाही. वरच्या मजल्यावरच्या मुलाला हाक मारा, त्याला मी सांगून आलेय.

पाणी. यासाठीच खरं पत्र. वरच्या जटांत बोटाचं एक पेर खुपसा. ओलं लागलं तर घालायचं नाही, मग चार दिवस झाले असोत की सहा. कोरडं लागलं तर खालून वाहेपर्यंत घाला आणि ताटलीत साचलेलं ओतून द्या. नळ एक दिवसाआड येतो, मधल्या दिवशी तुम्ही बोअरचं घालता. जुन्या कुंडीच्या काठावर जो पांढरा थर होता तो त्याच क्षारांचा. पावसाळाभर पन्हळीखाली बादली ठेवा, तेच पाणी याला चांगलं.

बाबा, मला कळतं. नर्मदेचं पाणी इंदूरला आणा म्हणून १९७० साली आंदोलन झालं, त्यात तुम्ही कॉलेजच्या पोरांबरोबर रस्त्यावर होतात. १९७८ साली नर्मदाकाठच्या जलूदचं पाणी सत्तर किलोमीटरवरून इंदूरला पोचलं, तोवर आजीनं घागरी धरून रांगेत काढलेल्या सकाळी तुम्ही कितीदा सांगितल्यात. अशा माणसाला "झाडाला पाणी नको" म्हणणं मला जड जातं. झारी हातात घेतली की तुमचा चेहरा कसा होतो ते मी लहानपणापासून बघतेय.

(इथून पुढचं फ्रिजवर नको.)

मंगळवारी सकाळी साडेसहाला बाबांनी अँथुरियमला पाणी घातलं. मी दारात चहा घेऊन उभी होते. आठला परत घातलं. दुपारी पूजेच्या तांब्यातलं उरलेलं पाणी आईनं ओतलं, कारण तिला वाटलं, हे विसरले असतील. मी विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "मी घातलं होतं का?" आणि हसले. आई हसली नाही.

मग मी गोळ्यांचं पाकीट मोजलं. रागावू नका. बीपीच्या गोळ्या हिशेबापेक्षा तीन कमी निघाल्या. म्हणजे कधीतरी दोनदा घेतल्या गेल्यात. आई, तू हे मला फोनवर सांगितलं नाहीस, "सगळं मजेत" एवढंच म्हणत राहिलीस. तुझ्यावर राग नाही, पण यापुढे असं करू नकोस.

वारांच्या कप्प्यांची डबी मागवली आहे, दोन-तीन दिवसांत घरी येईल. रविवारी रात्री आईनं भरायची. कालनिर्णयाशेजारी लाल पेन्सिल दोऱ्यानं बांधून आले आहे, ती मुलांच्या खेळासाठी नाही. झाडाला पाणी घातलं की त्या तारखेवर 'पा', गोळी घेतली की 'गो'. दोघांपैकी कुणीही घातलं तरी लिहायचं, आणि लिहिलेलं दिसलं की झारी खाली ठेवायची. आणि बाबा, विसरण्याचं डॉक्टरांना तुम्ही स्वतः सांगा. बुधवारची वेळ मी घेतली आहे, साडेअकराची. आई बरोबर येईल. तिच्या गुडघ्याचंही त्याच फेरीत दाखवून घ्या, गॅलरीत खाली बसल्यावर ती उठताना कठड्याला किती जोरात धरत होती ते मी पाहिलंय.

पुढच्या महिन्यात चार दिवस येतेय. तेव्हा कालनिर्णय तपासणार आहे, शाळेतल्या बाईंसारखं.

तुमची,
मनू

ता. क. आईनं मुळासकट वेगळं करून दिलेलं पिल्लू पोह्याच्या डब्यात, ओल्या फडक्यात गुंडाळून आणलं होतं. आता दह्याच्या मातीच्या बोळक्यात खिडकीशी बसलंय. बुडाला भोक पाडताना एक बोळकं फुटलं, दुसऱ्याला जमलं. आज सकाळी त्याचा पानाचा कोंब जरासा सुटलाय, अजून तांबूस आहे.