तांबडा रस्सा गाडीत नको

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या हॉटेलच्या हॉलचा नकाशा मिळाला. सात टेबलं, चारी भिंतींच्या कडेने खेळण्यातल्या आगगाडीचे रूळ आणि तांबडा-पांढरा त्या गाडीतून थेट टेबलावर, असा बेत दिसतोय. पहिल्या दोन गोष्टी जमतील. तिसरी आजच खोडून टाक.

आधी वेळेचं गणित बघ. 9 बाय 6 मीटरच्या हॉलमध्ये कोपरे वळवून साधारण 28 मीटर रूळ बसेल. गाडी सेकंदाला 30 सेंटिमीटरपेक्षा जोरात सोडायची नाही, म्हणजे एक चक्कर दीड मिनिटाची. किचनच्या खिडकीत भरायला अर्धं मिनिट, टेबलावर उतरवून घ्यायला जवळजवळ एक मिनिट, कारण पोरं आधी फोटो काढणार. एक फेरी तीन मिनिटांची झाली. पंगत 45 मिनिटांत उठते असं धरलं तर 15 फेऱ्या, म्हणजे एका टेबलाच्या वाट्याला दोन. चार माणसांचं जेवण दोन फेऱ्यांत कसं वाढणार? दुसरी गाडी सोडू म्हणशील, पण पुढची एका टेबलाशी थांबली की मागची अडकली. ती सोडवायला प्रत्येक टेबलाला बगलेचा रूळ हवा. सात टेबलांना चौदा सांधे बदलणारे पॉइंट लागतील, आणि गाडी रुळावरून उतरते ती बहुधा पॉइंटवरच.

म्हणून गाडीला दोनच कामं दे. माणसं बसल्या बसल्या पापड, दहीकांदा आणि ताक किंवा सोलकढी. शेवटी कुल्फी, बिल आणि बडीशेप. मधलं सगळं वाढप्याच्या हातून. प्रागमधल्या वीटोप्ना नावाच्या अशाच हॉटेलातही गाड्या पेयंच आणतात, जेवण माणसं आणून देतात. अमेरिकेत कॅन्ससमधल्या कॅन्सस सिटीत क्रॉप कुटुंबाचं फ्रिट्झ्स नावाचं हॉटेल आहे. तिथे टेबलावरच्या फोनवरून ऑर्डर द्यायची, मग छताखालच्या रुळावरून गाडी येते आणि खाणं छोट्या लिफ्टने टेबलाशी उतरतं. पण येतं काय, तर बर्गर आणि बटाट्याचे तळलेले काप. कोरडं असल्यामुळेच ते जमतं. तुझ्याकडे रश्श्यावर तर्री असते. ती एकदा रुळावर सांडली की चाकं जागच्या जागी फिरत बसतात, आणि भिंतीचा रंग जातो तो वेगळाच.

वळणावर सांडेल अशी भीती सगळ्यांना वाटते. या वेगात वळणावर काही सांडत नाही. सांडतं ते थांबताना. झटक्यात थांबवलीस तर ताक पुढच्या काठावरून उडी मारतं. थांबायला निदान दीड सेकंद मिळेल असा कंट्रोलर घे आणि ग्लास पाऊणच भर. वळणाची त्रिज्या मात्र 60 सेंटिमीटरवर आणू नकोस. तेवढ्यात इंजिन वळतं, पण लांब डब्याचा कोपरा भिंतीला घासतो. जागा आहे तर 1.2 मीटर ठेव.

खरा घोळ डबा उलटण्याचा. तुझ्या कारागिराने 45 मिलिमीटरचा रूळ, म्हणजे दोन रुळांत तेवढं अंतर, सुचवलाय, तो बरोबर आहे. पण मग मध्यापासून रूळ फक्त 22.5 मिलिमीटरवर आला. समज डबा 400 ग्रॅमचा आहे आणि त्यात भरलेले दोन ग्लास शेजारी शेजारी ठेवलेत, प्रत्येकी 400 ग्रॅमचे, मध्यापासून 50 मिलिमीटरवर. गिऱ्हाइकाने एक उचलला की उरलेल्या भाराचा मध्य 25 मिलिमीटरवर जातो, म्हणजे रुळाच्या बाहेर. डबा आडवा! त्यावर उपाय दोन. ग्लास शेजारी न ठेवता एकामागे एक ठेवायचे, त्यासाठी डब्यात मधोमध खाचा कर. आणि डब्याच्या तळाला लोखंडी पट्ट्या बसवून त्याचं वजन किलोभर कर. निमुळत्या बुडाचे ग्लास नकोत, सरळ स्टीलचे घे. ताट गाडीत मावणारच नाही, त्याचा विचारही नको.

विजेचं म्हणशील तर रुळातून करंट देऊ नकोस. फोडणीचा धूर रुळावर बसतो, चाकाला करंट मिळत नाही आणि गाडी उचक्या देत चालते. मग रोज सकाळी अल्कोहोलने रूळ पुसायला एक माणूस. बॅटरीचं इंजिन घे आणि दोन बॅटऱ्या ठेव, एक गाडीत, एक चार्जिंगला. लाइट गेली तरी ताक पोचतं.

दरवाजापाशी रूळ उचलता करावा लागेल. बॅटरीच्या गाडीला करंट तोडून थांबवता येत नाही, म्हणून पूल उचलला की दोन्ही टोकांना रुळावर आडवी पट्टी उभी राहील अशी जोडणी करून घे. बाकी रूळ पाणसळ लावून सपाट. किचनचा ओटा खाली आहे तर ओटा उंच कर, रुळाला चढ देऊ नकोस. बोरघाटात 37 मीटरला 1 मीटर चढ आहे, म्हणून कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिनं जोडतात. तुझ्याकडे बँकर नाही.

टेबलांना नंबर नकोत, आपल्याच लाइनची स्टेशनं दे. किचन कोल्हापूर, मग क्रमाने गूळ मार्केट, वळिवडे, रुकडी, हातकणंगले, निमशिरगाव-तमदलगे, जयसिंगपूर, मिरज. हा क्रम वाढप्यांना तोंडपाठ असतो, "रुकडीला दोन ताक" म्हटलं की चूक होत नाही. बाहेरगावच्यांना मजा वाटेल ती वेगळी. कंट्रोलरवर अण्णांना बसव. गल्ला सोडायला ते तयार नसतील, तर गल्ल्याशेजारीच बसव, तिथून सातही टेबलं दिसतात.

रुळाची फळी टेबलाच्या उंचीला, म्हणजे 75 सेंटिमीटरवर. पुढे 10 सेंटिमीटरची अॅक्रिलिकची पट्टी, टेबलासमोर तेवढी खिडकी. लहान मुलाला खिडकीच्या बाजूला बसवू नका असं वाढप्यांना बजावून ठेव. बोट चिरडत नाही, पण पोरं चालती गाडी धरतात आणि इंजिनाच्या गिअरचे दाते जातात.

खांब नकाशात दाखवलेच नाहीत. ते भिंतीपासून किती पुढे आलेत आणि किचनच्या खिडकीची उंची किती, हे टेपने मोजून कळव. त्याआधी रूळ मागवू नकोस. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विजय