मीठ, सोनं आणि माली : सईस पत्र

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

तुझा पश्चिम आफ्रिकेतल्या माली साम्राज्यावरचा निबंध वाचला. मनसा (म्हणजे तिथला राजा) मुसाने कैरोत सोनं उधळलं आणि तिथून राज्याला उतरती कळा लागली, हे वाक्य खोड. 1324 साली हजला जाताना त्याने कैरोत इतकं सोनं वाटलं की मिस्कालमागे (म्हणजे साधारण सव्वाचार ग्रॅम सोन्यामागे) 25 दिरहम, म्हणजे चांदीची नाणी, असलेला भाव 22 पर्यंत आणि त्याहून खाली आला. सुमारे 12 वर्षांनी अरब इतिहासकार अल-उमरीने लिहिलं तेव्हाही तो सावरलेला नव्हता. पण यात पोळले ते कैरोचे लोक. परतताना मुसाला तिथल्याच व्यापाऱ्यांकडून चढ्या व्याजाने कर्ज काढावं लागलं हे खरं. तरी पुढे त्याचा भाऊ सुलेमान 1360 पर्यंत गादीवर होता आणि राज्य शाबूत होतं.

मालीच्या श्रीमंतीचा हिशोब मिठापासून मांड. उत्तरेला सहारात तघाझाच्या खाणी. तिथे झाड नाही, दगड नाही. घरं आणि मशीदही मिठाच्या लाद्यांची, वर उंटाच्या कातड्याचं छप्पर. एका उंटावर दोन लाद्या बसत. असं एक ओझं वाळवंटाच्या दक्षिण कडेवरच्या वलात्याला 8 ते 10 मिस्कालांना जाई. तिथून 24 दिवसांवरच्या राजधानीत तेच 20 ते 30, कधी 40 मिस्कालांना. हे आकडे मोरोक्कोच्या प्रवासी इब्न बतूताचे, 1352-53 च्या प्रवासातले. ही वाट ज्याच्या ताब्यात, कमाई त्याची.

सोनं बांबुक आणि बुरे या मुलखांच्या मातीतलं. खाणवाल्यांना जबरदस्तीने मुसलमान करायला गेलं की तिथला उपसा घटे, असं अल-उमरी सांगतो. म्हणून मनसांनी त्यांना त्यांच्या धर्मावर सोडलं आणि सोनं घेत राहिले. हा शहाणपणा तुझ्या निबंधात हवाच.

आणि तो तकशीफ! त्याला एका ओळीत उरकू नकोस. तघाझा सोडलं की सहसा दहा दिवस पाणी नाही. मग काफिला मसूफा जमातीचा एक वाटाड्या एकट्याने पुढे पाठवी, तोच तकशीफ. तो वलात्याला पत्रं पोचवी; मग तिथली ओळखीची माणसं पाणी घेऊन चार रात्रींच्या वाटेवर सामोरी येत. तो वाळवंटात मेला तर वलात्यात कुणाला पत्ताच लागत नसे आणि मागून येणारे तहानेने मरत. बतूताच्या काफिल्याने त्याला 100 मिस्काल दिले, म्हणजे आपले छत्तीसेक तोळे. त्याचा एक डोळा गेलेला, दुसरा अधू. पण वाट त्याच्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती.

आता पडझड. सुलेमानानंतर गादीसाठी भाऊबंदकी पेटली. ज्याच्या हाती सत्ता आली त्या मारी जाताने खजिन्यातला पिढीजात सोन्याचा अखंड दगड मिसरी व्यापाऱ्यांना मातीमोल भावाने विकला, असं इतिहासकार इब्न खल्दून लिहितो. पुढे एक वजीरच राज्य चालवू लागला आणि मनसा नावापुरता उरला. दरबार असा गुंतल्यावर वाळवंटाच्या कडेची ठाणी कोण राखणार? 1433 च्या सुमारास वाळवंटातल्या तुआरेग टोळ्यांनी तिंबक्तू हे व्यापारी शहर घेतलं, 1468 मध्ये ते शेजारच्या सोंघाई राज्याच्या सुन्नी अलीकडे गेलं. मिठाची वाट हातची गेली. त्यात पोर्तुगीज जहाजं पश्चिम किनाऱ्याला लागली. काही सोनं वाळवंटाकडे न जाता समुद्राकडे वळलं. पण पोर्तुगीजांवर फार भार टाकू नकोस, ते उशिरा आले. उरलेली माली त्यानंतरही शतकभर दक्षिणेकडे तग धरून होती. 'साम्राज्य कोसळलं' हा शब्द म्हणूनच मला खटकतो. ते उत्तरेच्या बाजूने झिजत गेलं.

कवड्यांचा परिच्छेद मात्र वाढव. भवानीच्या माळेत आपण ज्या कवड्या ओवतो, तसल्याच मालीच्या बाजारात सुट्टे पैसे म्हणून चालत, आणि त्या मालदीवहून यायच्या. मालदीवात बतूता काझी होता, त्याआधी आपल्या दौलताबादेतही येऊन गेलेला. मालदीवात सोन्याच्या एका दिनाराला 4 लाख कवड्या, क्वचित त्याच्या तिप्पटही, मालीत 1150. एवढा फरक वाटेत कुणाकुणाच्या खिशात गेला, ते शोधून लिही.

तुझी,
आई