कानाचा आजार डोळ्यांत शोधणाऱ्या डॉक्टरांस

आदरणीय डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

एकही गोळी न देता तुम्ही माझी चक्कर घालवलीत, त्याबद्दल हे पत्र. जाहीर लिहितेय, कारण कूस बदलली की खोली गरगरते आणि दोष मात्र मानेच्या मणक्यांना दिला जातो, अशी माणसं माझ्या ओळखीत अजून आहेत.

'किती वेळ टिकते? कशाने येते?' एवढंच तुम्ही विचारलंत. मग मान एका बाजूला वळवून मला झटकन आडवं केलंत, डोकं टेबलाच्या कडेखाली थोडं झुकवलंत आणि कानात न डोकावता माझ्या डोळ्यांत बघत राहिलात. चक्कर उसळली, बुबुळं आपोआप झटके देऊ लागली, आणि त्या झटक्यांच्या दिशेवरून तुम्ही आतल्या कानातली बिघडलेली नलिका ओळखलीत. कान आणि डोळ्यांची ही जोडणी मला ठाऊकच नव्हती. मान हलवतानाही अक्षरं स्थिर दिसतात ती तिच्यामुळेच.

मी घाबरले होते. तुम्ही कागदावर चित्र काढलंत. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका, एकमेकींशी साधारण काटकोनात. डोकं वळलं की त्यांतला द्रव मागे रेंगाळतो आणि मेंदूला वळण कळतं. शेजारच्या दोन पिशव्यांमध्ये कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे चिकट थरावर बसलेले असतात. डोकं कुठे कललंय हे त्यांच्या वजनामुळे समजतं. त्यातले काही सुटून नलिकेत, बहुधा सर्वांत खालच्या मागच्या नलिकेत, घरंगळतात. मग आडवं होताच ते सरकतात, द्रवाला ओढतात, आणि एक कान 'फिरतोय' म्हणतो तर दुसरा 'छे!' इतकी साधी भानगड! मी मात्र मेंदूत गाठ आहे असं धरून चालले होते.

उपचारही तसाच: डोकं ठरावीक क्रमाने वळवत खडे परत पिशवीत सोडायचे. अमेरिकेतल्या जॉन एप्ली यांनी १९८०च्या सुमारास ही पद्धत मांडली, तेव्हा त्यांच्याच क्षेत्रातले लोक हसले होते म्हणे. प्रत्येक वळणावर तुम्ही थांबत होतात, 'आता पुन्हा फिरेल, घाबरू नका' असं आधीच सांगत होतात. खरं सांगते, त्या सूचनेचा आधार तुमच्या हातांइतकाच होता.

आणखी एका गोष्टीचे आभार. 'हे परत होऊ शकतं' हे तुम्ही लपवलं नाहीत. चक्करेबरोबर बोलणं अडखळलं, हातपाय लुळा पडला किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर तुमची वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयाच्या इमर्जन्सीत जायचं, हे तुम्ही मला आणि घरच्यांना दोनदा बजावलंत.

तुम्ही काढलेलं ते चित्र आता मैत्रिणीच्या आईकडे आहे. त्यांना आडवं झालं की गरगरतं. पुढच्या आठवड्यात त्या तुमच्याकडे येतील. जरा भित्र्या आहेत, सांभाळून घ्या.

आपली कृतज्ञ,
एक पेशंट