तुम्ही दोघंच जायचंय

निशीकासाई, टोकियो
रविवार रात्र

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

वि. वि. गणपतीला येत नाही असं मी सांगितलं, त्यावर आई नुसतं "बरं" म्हणाली आणि फोन बाबांकडे दिला. आई, तुझं ते "बरं" आठ दिवस माझ्या कानातून जात नाहीये. रागावली असतीस तर बरं झालं असतं. म्हणून हे पत्र. फोनवर तू मध्येच बोलतेस आणि मी मुद्दा सोडून रडायला लागते.

रजा मोजकीच आहे. गणपतीत पाच दिवस येऊन धावत परत फिरण्यापेक्षा ती आत्ता राखून ठेवली, तर तुळशीचं लग्न उरकून तुम्ही इकडे याल तेव्हा मला दोन आठवडे घरी राहता येईल, असा हिशेब केला. त्यातल्या दोन रात्री मात्र तुम्ही आमच्याकडे नसाल. हाकोनेच्या डोंगरात, तोनोसावाला नदीकाठी एक लहानसं र्‍योकान आहे, म्हणजे जुन्या पद्धतीचं उतरायचं घर. गरम पाण्याच्या झऱ्यावरचं. तिथे तुम्ही दोघंच राहायचंय. खोली ठरवली, पैसे भरले, त्यामुळे "कशाला उगाच" हे आता चालणार नाही.

दोघंच का, तर तिथे १२ वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत. आई, तू काय म्हणणार ते इथे बसून ऐकू येतंय: "पोरं नको म्हणणारी ही कसली माणसं? अर्णवला टाकून मी पाऊल टाकणार नाही." अगं, मुलांवर राग नाही त्यांचा. दुसऱ्या कितीतरी ठिकाणी पोरांना त्यांच्या मापाचे छोटे किमोनो देतात. इथे खोल्या आठच, सरकती दारं कागदाची, आणि येणारा माणूस येतोच मुळी नदी ऐकायला. अर्णव दोन दिवस शाळेत जाईल, नूडल्स खाईल, तुझी आठवणही काढणार नाही. (काढेल. पण तुम्ही परत याल तेव्हा तुझ्या मांडीवर बसून काढेल.)

आता जे सांगायचं टाळतेय ते सांगते. ही जागा मी पाहिलेली आहे. फेब्रुवारीत बाबा न्हाणीघरात घसरले त्या दिवशी मी ओसाकाला मीटिंगमध्ये नव्हते. निखिल आणि मी या र्‍योकानमध्ये होतो. अर्णवला मैत्रिणीकडे ठेवलं होतं आणि फोन कपाटात. दादाचे सात कॉल मी रात्री अकराला पाहिले, तोवर बाबांना टाके घालून घरी आणलं होतं. मी मीटिंगचं खोटं सांगितलं आणि आई, तू विचारलंस, "जेवलीस का?" मी अकरा पदार्थ जेवून बसले होते गं.

तुम्ही दोघं आजारी नसताना, अर्णवला ताप नसताना, ऑफिसचं काही नसताना मी कुठेतरी नुसतं बसून राहिले, याची लाज वाटली म्हणून खोटं बोलले. लाज वाटली, पण त्याआधीची संध्याकाळ खोटी नव्हती. लाकडी टबात मानेपर्यंत बसले होते, पाण्याची वाफ वर झाडांत जात होती, आणि कुणालाही माझ्याकडून काही नको होतं. अर्णव झाल्यापासून पहिल्यांदा. तेव्हाच मनात आलं, आईला हे कधी मिळालं? महाबळेश्वरचं काय झालं ते मी लिहायला नको. त्यानंतर आजीची नऊ वर्षं. एकेचाळीस वर्षांत तुम्ही दोघंच कुठे राहिलात, मला आठवत नाही. बाबांनाही आठवणार नाही.

बाबा, गरम पाण्याच्या झऱ्याचं तुम्हाला काय कौतुक, आपलं उन्हाळे गाव दारात. पण बघा तरी. राजापूरची गंगा आली की तुम्ही मला खांद्यावर बसवून आधी महालक्ष्मीच्या देवळाजवळच्या झऱ्यावर न्यायचात. मी पाय आखडून घ्यायचे, तुम्ही ओंजळीने पाणी घोट्यांवर सोडायचात, मग गुडघ्यांवर. इथेही रीत तीच आहे. टबात उतरण्याआधी तांब्यासारख्या लाकडी भांड्याने अंगावर पाणी घ्यायचं, पायापासून वर. तुम्हाला नियम आवडतात म्हणून सांगते, १९४८ चा कायदा आहे इथे: जमिनीतून येणारं पाणी २५ अंश किंवा त्याहून जास्त असेल, किंवा यादीतल्या १९ घटकांपैकी एखादा त्यात पुरेसा असेल, तरच त्याला ओनसेन म्हणायचं. आपलं उन्हाळे सहज पास. आणि आंघोळीवर कर लागतो, माणशी साधारण १५० येन. ग्रामपंचायतीत इतकी वर्षं घरपट्टी-पाणीपट्टी वसूल केलीत, आंघोळपट्टी सुचली नाही ना?

आई, तुझा खरा प्रश्न मला माहीत आहे. तू निखिलला हळूच विचारलाही होतास. हो, इथे कपडे न घालता उतरतात. बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं, पण कपडे नाहीतच, पंचासुद्धा पाण्यात बुडवायचा नाही. उन्हाळे गावच्या झऱ्यावर तू नऊवारीसकट भिजायचीस, तुला हे जमणार नाही, आणि जमवायला मी सांगणारही नाही. तुमच्या खोलीलाच स्वतःचा टब आहे, मागच्या गॅलरीत, तीन बाजूंनी बांबूचा आडोसा. तू गाउन घालून बसलीस तरी बघायला नदीशिवाय कुणी नाही.

अशी खोली घेण्याला आणखी एक कारण होतं, हसू नकोस. तुझ्या मनगटावरचं गोंदलेलं तुळशीवृंदावन. इथे अंगावर गोंदण गुंडांच्या टोळ्यांतले लोक करायचे, म्हणून बऱ्याच ठिकाणी गोंदण असलेल्याला सगळ्यांच्या टबात घेत नाहीत. निखिल तेव्हापासून तुला "टोळीप्रमुख" म्हणतोय. जत्रेत आज्जीने हात धरून गोंदवून घेतलेल्या तुळशीसाठी तुला कुणी दारात अडवलं असतं, तर मला सहन झालं नसतं. तेव्हा ते झाकायला पट्टी वगैरे काही आणू नकोस.

जेवणाची काळजी करू नका. तू आजीनंतर मासे सोडलेस हे त्यांना लिहून कळवलंय. इथल्या साध्या सारातही सुक्या माशाचं पाणी असतं, म्हणून तुझ्यासाठी समुद्री शेवाळ आणि मश्रूमचं वेगळं करणार आहेत. तिळाचं टोफू, लोणची आणि त्या दिवसांत बहुतेक चेस्टनट घातलेला भात. बाबांच्या ताटात मासे असतील, त्यातले काही कच्चे. बाबा, नको असेल ते ठेवा, उगीच शूरपणा नको. मेतकूट आणि लिंबाचं लोणचं लहान डबीत घ्या, मोठी बरणी नको. चहाची पूड आणि दुधाच्या पावडरच्या पुड्या मी देते, खोलीत किटली असते. तुमच्या गुडघ्यांसाठी गादीऐवजी पलंगाची खोली घेतली आहे आणि जेवायला उंच खुर्च्या सांगितल्यात. बाबा, उशी धान्याच्या टरफलांची असते, आपल्या जुन्या उशीसारखी कडक, तुमची मान खूश होईल. संडासात पाणी आहे. नुसतं आहे असं नाही, बटण दाबलं की येतं, कोमट येतं, आणि बैठकही गरम असते. त्यावरून उठायला बाबा तयार झाले तर.

आता ऐका, दोघंही.

जेवल्यावर तासभर टबात जायचं नाही. पोचल्यावर चहाबरोबर एक गोड वडी ठेवतात, ती आधी खायची. उपाशीपोटी गरम पाण्यात चक्कर येऊ नये म्हणून ती असते, असं मला तिथल्या बाईंनी सांगितलं. पाणी ४१-४२ अंश असतं. बाबा, पाच मिनिटं, फार तर सात. घड्याळ आईकडे. उठताना एकदम उभं राहायचं नाही, काठावर बसायचं, मग उठायचं. बीपीची गोळी चुकवायची नाही. दादाने डॉक्टरांना विचारून घेतलं आहे, तरी निघण्यापूर्वी तुम्ही स्वतः जाऊन या. रोपवेने ओवाकुदानीला जायचं नाही, तिथे गंधकाची वाफ असते आणि तुमचा दमा. तिथली काळी अंडी खाल्ली की सात वर्षं आयुष्य वाढतं म्हणतात. मी आणून देईन, घरी बसून वाढवा. साबण टबात न्यायचा नाही. पाणी काठावरून सारखं वाहत असतं, "वाया जातंय" म्हणून आईने नळ शोधायचा नाही, तो झराच आहे. त्यांचा सुती किमोनो नेसताना डावी बाजू वर. उलटं नेसणं इथे अशुभ मानतात, म्हणून एवढं लक्षात ठेवा.

भाषेची भीती नको. शिंजुकूला मी स्वतः तुम्हाला गाडीत बसवणार, दीड तासाच्या आत हाकोने-युमोतो. ते शेवटचं स्टेशन, उतरायचं चुकायला जागाच नाही. फलाटाबाहेर त्यांची गाडी असेल. सगळं जपानीत लिहिलेली चिठ्ठी बाबांच्या खिशात असेल. ती दर वेळी काढून वाचायची गरज नाही, बाबा, तुम्हाला ती वाचता येणार नाही.

त्या दोन रात्री मी फोन करणार नाही. तुम्हीही करू नका, अर्णव जेवला का हे विचारायलासुद्धा. पोचल्यावर फक्त एक मिस्ड कॉल द्या. मी फोन हातात घेऊन बसलेली असेन.

तुमची,
मनी