आई-बाबांना, इंदूरहून

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. टाकीचा फ्लोट बदलून घेतला, घरपट्टी भरली, तुळस जगली आहे. आता मुद्द्याचं.

बाबा, मी म्हटलेली जुनी गाणी तुम्ही घरच्या ग्रुपवर टाकता, खाली ‘हुबेहूब!’ असं लिहिता, आणि नागपूरच्या आत्यापासून बडोद्याच्या मावशीपर्यंत सगळ्यांचे अंगठे येतात. बरं वाटतं, खोटं कशाला बोलू? पण त्याच आठवड्यात मी माझं स्वतःचं गाणंही पाठवलं होतं. शब्द माझे, चाल माझी. त्यावर फक्त मला एकटीला उत्तर आलं, ‘छान प्रयत्न.’ ग्रुपवर ते गेलंच नाही. भांडत नाहीये. फोनवर हा विषय काढला असता तर तुम्ही लगेच फोन आईच्या हातात दिला असता, म्हणून पत्र.

‘हुबेहूब’मध्ये काय खटकतं ते सांगते. लताबाई 1929 साली आपल्या इंदुरातच जन्मल्या, हे आई घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवते. त्यांचं गाणं मी म्हटलं की ऐकणारा मनात मूळ गाणं लावून बसतो आणि माझं त्यातून वजा करत जातो. अगदी हुबेहूब जमलं तरी बाकी शून्य! तरीही ती गाणी मी सोडणार नाही, कारण गायला शिकले ती त्यांतूनच. श्वास कुठे चोरून घ्यायचा, शब्द संपायच्या जरा आधी आवाज कसा सैल सोडायचा, हे एकच ओळ रात्रभर परत परत ऐकल्याशिवाय कळत नाही. तुम्हीच सांगत आलात ना, की गायक अमीर खाँसाहेब हे अब्दुल वहीद खाँ, देवासचे रजब अली खाँ आणि अमान अली खाँ या तिघांचं ऐकून ऐकून घडले? आणि शेवटी जे उभं राहिलं ते त्यांचं स्वतःचं होतं, त्याला लोक इंदूर घराणं म्हणायला लागले. त्यांच्या पंगतीत बसायची माझी लायकी नाही, पण रस्ता तोच आहे. आधी दुसऱ्याचं, मग आपलं. तुम्ही मात्र मला पहिल्याच स्टेशनावर उतरवून घेता आणि हार घालता.

आता आई, तू जरा बसून घे. तुमच्या खोलीचा मी स्टुडिओ केलाय. बाहेरच्या खोलीत सगळी फरशी आणि मोकळ्या भिंती. टाळी वाजवली की मागे झणकार उरतो, माइक तो इमानदारीत टिपतो, आणि एकदा आत शिरलेला झणकार नंतर काही केल्या धड काढता येत नाही. म्हणून तुझं सागवानी कपाट. दोन्ही दारं सताड उघडायची, मधे माइक, आणि साड्यांकडे तोंड करून गायचं. शिवाय माझ्या पाठीमागे दोरीवर दोन गोधड्या. मला वाटायचं गोधडी माइकच्या मागे लागते. तसं नसतं. माइकचं तोंड माझ्याकडे असतं, त्यामुळे माझ्या पाठीमागच्या भिंतीवरून परतणारा आवाज थेट त्याच्या तोंडात जातो. साड्यांना हात लावलेला नाही. डांबरगोळ्यांच्या वासाने शिंका येतात, एवढंच.

तुझी भरतकामाची रिंगही पळवली आहे. तिच्यावर जुना नायलॉनचा मोजा ताणून माइकपुढे बांधलाय. प, फ, ब, भ म्हणताना ओठांतून हवेचा झोत सुटतो, तो माइकच्या पडद्यावर आदळला की ‘ढप्प’ असा आवाज येतो. ‘पंढरपूर’ म्हणताना तर दोनदा. मोज्यातून हवा विरते, आवाज तेवढा जातो. बाजारात याला पैसे पडतात, आपल्याकडे मोजा फुकट होता.

सकाळी गाणं अशक्य. स्वच्छ सर्वेक्षणात 2017 पासून वर्षानुवर्षं आपला पहिला नंबर आला त्याची किंमत मी मोजते आहे. कचरागाडी गाणं वाजवत गल्लीत शिरते, आणि माझ्या एका बऱ्या टेकमध्ये तिचं धृपद अगदी समेवर येऊन बसलंय! म्हणून रात्री अकरानंतर. पंखा बंद, आणि फ्रिजसुद्धा, कारण त्याची घरघर कपाटापर्यंत येते. फ्रिज पुन्हा लावायचा राहू नये म्हणून स्कूटरची किल्ली त्यातच ठेवते. किल्लीशिवाय ऑफिसला जाता येत नाही. वरच्या मजल्यावरच्या आंटींनी जिन्यात विचारलं, ‘बिटिया, रात को सब ठीक तो रहता है ना?’ आता काय सांगणार.

पत्र लिहायचं खरं कारण पुढे आहे. गोधड्या काढायला माळ्यावर चढले तेव्हा कॅसेटींचा खोका सापडला. एकीवर बाबांच्या अक्षरात ‘भजनी मंडळ, रामबाग’. आपल्या टेपचा पट्टा सैल पडलाय, त्यामुळे सगळ्या बायका झोपेत गात असल्यासारख्या, खालच्या आणि जडशा आवाजात. पण मागे वाजते ती पेटी आपलीच, अजून खोलीत आहे. बाबांच्या बोटांवरून ओळखली. मग पेटीची काळी चार, म्हणजे चौथी काळी पट्टी, दाबून धरली, टेपमधल्या पेटीशी ताडून पाहिली, आणि कॉम्प्युटरवर वेग तेवढा वाढवत नेला. दोन्ही पेट्या जुळल्या तशी आई, तू पट्टीत आलीस. चाळिशीतली तू. असा मोकळा आवाज तुझा मी कधी ऐकला होता ते आठवेना.

अभंग तुकोबांचा, पण ही चाल मी आजवर कुठेच ऐकलेली नाही. मावशीला फोन केला तर ती म्हणाली, ‘अगं ती तिचीच. भाकऱ्या थापताना बसवलेली.’ आणि हे तू इतकी वर्षं सांगितलं नाहीस! मी दुसऱ्यांच्या गाण्यांवर माना डोलावत बसले आणि घरात चाली बांधणारी बाई पोळ्या वाढत होती. बघा बाबा, आपल्या घरात स्वतःचं गाणं करणारी मी पहिली नाही. तिचंही कधी ग्रुपवर गेलं नाही.

तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण चाल बांधणाऱ्याची असते. कायद्याने ती त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं त्याचीच. म्हणून तर अभंगांच्या गाजलेल्या चाली कुणी गाऊन यूट्यूबवर टाकल्या की शब्द संतांचे असले तरी बरेचदा गाण्यांच्या कंपनीचा दावा येतो आणि जाहिरातीचे पैसे तिकडे वळतात. तुझ्या चालीवर दावा सांगणारी तूच. खाली नाव घालणार आहे मी, नको नको म्हणू नकोस.

तेव्हा जानेवारीत या. कपाटापुढे तुझ्यासाठी खुर्ची ठेवते, बाबा पेटीवर. भाता नीट आहे, एक स्वर जरा अडकतो, तो करून घेते. काळी चारची जिद्द धरू नकोस, जरा खालच्या पांढरी चारवर गा. चाल तीच राहते आणि तुला वरच्या पट्टीला धाप लागणार नाही. एका दमात सगळं नीट आलं पाहिजे असंही नाही. ओळ चुकली तर तेवढीच परत घेता येते.

त्याआधी एक काम. कॅसेटची बाजू नेमकी ‘तुका म्हणे’वर संपली आहे. तू वर जातेस, आणि खट्. पुढे पंचमावर थांबतेस की तशीच षड्जापर्यंत जातेस? दोन्ही करून पाहिलं, एकही तुझं वाटत नाही. बाबांना फोन धरायला सांग आणि तेवढी ओळ गुणगुणून पाठव. पंखा बंद करून.

तुमची,
मीनू