घर असताना तंबूत कशाला? आई-बाबांना पत्र

सॉल्ट लेक सिटी

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

रविवारी फोनवर बाबांनी विचारले की, चांगले घर असताना पैसे मोजून जमिनीवर झोपायला जायचे, तेही वाळवंटातल्या डोंगरावर, यात तुम्हाला मिळते तरी काय. आईचे म्हणणे होते की, जिथे फोन लागत नाही तिथे जायचेच कशाला. त्या वेळी मी हसून विषय बदलला, पण दोन्ही प्रश्न रास्त आहेत. शिवाय येत्या सप्टेंबरात तुम्ही इकडे याल तेव्हा तुम्हालाही तिथे न्यावे असे आमच्या दोघांच्या मनात आहे. तेव्हा त्या जागेची हकीकत सविस्तर लिहून पाठवते. ती वाचून, आमचा उत्साह बाजूला ठेवून, तुम्ही शांतपणे ठरवा.

ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यान नेवाडा राज्याच्या पूर्व कडेला, यूटाच्या सीमेला जवळजवळ लागून आहे. आमच्या घरापासून गाडीने साधारण चार तास लागतात. वाटेत डेल्टा नावाचे गाव मागे पडले की पुढचे सुमारे दीडशे किलोमीटर पेट्रोल पंप नाही, दुकान नाही आणि समोरून येणारी गाडीही क्वचितच दिसते. म्हणून टाकी आणि पाण्याचे कॅन तिथेच भरून घ्यायचे असतात. हाच महामार्ग क्रमांक ५० पुढे नेवाडात शिरतो, आणि तिथल्या त्याच्या पट्ट्याला 'लाइफ' मासिकाने १९८६ साली अमेरिकेतला सर्वांत एकाकी रस्ता म्हटले होते. मासिकाचा सूर लोकांनी तिकडे फिरकू नये असा होता, पण नेवाडाच्या लोकांनी तीच उपाधी पर्यटनाच्या जाहिरातीसाठी वापरून घेतली.

इथे वाळूच्या टेकड्या आणि उंट डोळ्यांपुढे आणू नका. पश्चिमेकडे सिएरा नेवाडाची मोठी रांग समुद्रावरून येणारे ढग अडवते, त्यामुळे तिच्या मागचा हा सारा प्रदेश पर्जन्यछायेत आहे. जे काही पाणी पडते त्याचा बराचसा भाग हिवाळ्यात बर्फाच्या रूपाने येतो, आणि वितळलेले ते पाणी कोणत्याही समुद्राला न मिळता खोऱ्यांतच जिरते किंवा उडून जाते. जॉन फ्रेमाँट या संशोधक अधिकाऱ्याच्या हे १८४०च्या दशकात लक्षात आले आणि 'ग्रेट बेसिन' हे नाव त्यानेच दिले. खोऱ्यांत राखाडी-हिरवी सेजब्रशची झुडपे पसरलेली असतात. पावसाची एक सर येऊन गेली की त्यांचा कडसर वास इतका दाटतो की गाडीच्या काचा खाली कराव्याशा वाटतात. या सपाटीतून डोंगररांगा एकदम उठतात, आणि त्यांतल्याच एका रांगेत १३,०६३ फूट उंचीचे व्हीलर शिखर आहे.

पायथ्याच्या बेकर या चिमुकल्या वस्तीच्या थोडे पुढे सुरू होणारा सुमारे १९ किलोमीटरचा घाटरस्ता तीन हजारांहून अधिक फूट चढतो. आधी सेजब्रश, मग पिन्यन पाइन आणि जुनिपरची बुटकी झाडे, त्यानंतर ॲस्पेन आणि स्प्रूस, असा झाडांचा पोत बदलत जातो. अर्ध्या तासात बाहेरची हवा इतकी गार होते की खाली नकोसा वाटणारा स्वेटर वर अंगात चढवावा लागतो. रस्त्याच्या शेवटी ९,८८६ फुटांवर व्हीलर पीक कॅम्पग्राउंड, म्हणजे तंबू ठोकण्यासाठी आखून दिलेल्या जागांचा तळ, आहे. ते बर्फ वितळल्यावर जूनच्या सुमारास उघडते आणि पुन्हा बर्फ पडू लागले की बंद होते. त्याखाली, सात ते पावणेआठ हजार फुटांच्या दरम्यान, लेहमन आणि बेकर या ओढ्यांच्या परिसरात आणखी काही कॅम्पग्राउंड आहेत.

आता बाबांच्या हिशेबाकडे वळते. या उद्यानाला प्रवेश शुल्क नाही. कॅम्पग्राउंडमधल्या एका जागेचे एका रात्रीचे भाडे साधारण २० डॉलर असते आणि ते माणशी नसून जागेचे असते. महामार्गावरच्या अगदी साध्या मोटेलच्या खोलीलाही याच्या चौपट-पाचपट पैसे पडतात. बासष्ट वर्षांवरील ज्येष्ठांना हे भाडे निम्मे होते, हे वाचून बाबांचे डोळे चमकतील, पण ती सवलत अमेरिकेच्या नागरिकांना आणि कायमच्या रहिवाशांनाच मिळते, पाहुण्यांना नाही. तेव्हा तो विचार सोडून द्यावा. या पैशांत सपाट केलेली तंबूची जागा, एक भक्कम लाकडी टेबल, शेकोटीसाठी लोखंडी कडे आणि जवळपास एक स्वच्छतागृह मिळते. वीज नाही, आंघोळीची सोय नाही, गरम पाणी नाही. स्वच्छतागृहात फ्लश नसतो, खाली खोल टाकी असते. मात्र ते स्वच्छ असते आणि त्याला कडी लागते, हे आईसाठी मुद्दाम लिहिते.

म्हणजे भाडे कमी आहे ते सोयी कमी आहेत म्हणून, आणि सोयी कमी आहेत म्हणूनच गर्दीही कमी आहे. कॅलिफोर्नियातल्या आणि यूटाच्या दक्षिणेकडच्या प्रसिद्ध उद्यानांत उन्हाळ्यात गाडी लावायला जागा मिळत नाही, धबधब्यासमोर फोटोसाठी रांग लागते, आणि कॅम्पग्राउंडचे आरक्षण काही मिनिटांत संपते. इथे सर्वांत जवळचे मोठे शहर चार तासांवर असल्यामुळे जाता जाता कोणी डोकावत नाही. जे येतात ते ठरवून येतात. आमच्या शेजारच्या जागेवर एक वृद्ध जोडपे होते. आल्यावर त्यांनी नमस्कार केला, निघताना उरलेली लाकडे आम्हाला दिली, आणि मधल्या काळात त्यांचा आवाजही आला नाही. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळण्याचा नियम आहे, पण तो कोणाला सांगावा लागत नाही. बाबा, तुम्हाला वाचायला निवांत वेळ मिळत नाही अशी तुमची तक्रार असते. तिथे सकाळी चहाचा पेला घेऊन टेबलाशी बसले की ऊन डोक्यावर येईपर्यंत कोणी हाक मारत नाही. २० डॉलरमध्ये आम्ही हे विकत घेतो, आणि माझ्या मते हा सौदा महाग नाही.

आईच्या प्रश्नाचे उत्तर थोडे अवघड आहे, कारण कॅम्पग्राउंडमध्ये फोन लागत नाही हे खरेच आहे. आम्ही निघताना जागेचा क्रमांक आणि परतण्याची वेळ इथल्या मैत्रिणीकडे लिहून ठेवतो, आणि ठरलेल्या वेळेपर्यंत फोन आला नाही तर उद्यानाच्या कार्यालयाला कळवायचे असे तिला सांगितलेले असते. पुढच्या वेळी हीच चिठ्ठी तुलाही पाठवीन. रानटी जनावरांचे म्हणशील तर हरणे आणि मार्मोट नावाचे गुबगुबीत उंदीरवर्गी प्राणी दिसतात. पहाडी सिंह, म्हणजे प्यूमा, या डोंगरांत आहेत, पण ते माणसाला टाळतात आणि सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. खाण्याचे सामान रात्री गाडीत बंद करून ठेवायचे, एवढी काळजी घ्यावी लागते.

रात्रीविषयी मात्र मला जरा जास्त लिहू द्या. हवा कोरडी आणि विरळ, आजूबाजूला शहर नाही, त्यामुळे आकाश इतके काळे असते की २०१६ साली या उद्यानाला आंतरराष्ट्रीय 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. उन्हाळ्यात उद्यानाचे रेंजर दुर्बिणी लावून लोकांना ग्रह-तारे दाखवतात. नुसत्या डोळ्यांनीही आकाशगंगा दक्षिणेकडे वृश्चिक आणि धनु राशींपासून थेट डोक्यावरून पलीकडे गेलेली दिसते, आणि तिच्यातले काळे पट्टेसुद्धा ओळखू येतात. बाबा, लहानपणी तुम्ही मला गच्चीवर ध्रुवतारा दाखवत असा, तेव्हा तो क्षितिजापासून फार वर नसे. ज्या अक्षांशावर आपण उभे असतो तितक्याच अंशांवर तो दिसतो, आणि महाराष्ट्रात ते अठरा-एकोणीसच्या आसपास असतात. इथे आपण ३९ अंशांवर असल्यामुळे ध्रुव दुपटीहून उंच चढलेला असतो आणि सप्तर्षी जवळजवळ मावळतच नाहीत. याची भरपाई म्हणून की काय, अगस्त्याचा तारा या कॅम्पग्राउंडमधून कोणत्याच ऋतूत दिसत नाही. चांदण्या रात्री यातले बरेचसे पुसले जाते, म्हणून अमावास्येच्या जवळची तारीख निवडायची असते.

याच डोंगरावर ब्रिसलकोन पाइन नावाची झाडे आहेत. ज्या उंचीनंतर झाडे उगवत नाहीत त्या वृक्षरेषेजवळ, हिमनदीने आणून टाकलेल्या दगडांच्या ढिगांवर, जिथे दुसरे काही नीट जगत नाही तिथे ती हजारो वर्षे उभी आहेत. झाडाचा बराचसा भाग मेलेला आणि वाऱ्या-बर्फाने घासून गुळगुळीत झालेला असतो, आणि सालीच्या एखाद्या अरुंद पट्टीवर उरलेली फांदी हिरवी राहते. वाढ इतकी मंद की लाकूड घट्ट आणि राळेने भरलेले असते, त्यामुळे त्याला कीड आणि कूज सहजी लागत नाही. १९६४ साली एका भूगोलाच्या विद्यार्थ्याने हिमनद्यांच्या अभ्यासासाठी वनखात्याची रीतसर परवानगी काढून त्यांतले एक झाड तोडवून घेतले आणि वर्तुळे मोजली, तेव्हा ती ४,८००हून अधिक भरली. तोवर वय मोजलेल्या झाडांत त्याहून जुने एकही नव्हते. त्या झाडाला लोक प्रोमिथियस म्हणत. पुढे १९८६ साली हा भाग राष्ट्रीय उद्यान झाला, आणि त्यामागे इतर कारणांबरोबर त्या तोडीची हळहळही होती असे सांगतात. परवानगीचा कागद व्यवस्थित होता, सही-शिक्का होता, आणि तरीही हे घडले, ही गोष्ट सरकारी नोकरीत आयुष्य घालवलेल्या बाबांना माझ्याहून अधिक उमजेल. आता ब्रिसलकोनचे पडलेले लाकूडसुद्धा शेकोटीत घालायला मनाई आहे.

तुम्हाला घेऊन जायचे झाल्यास वरच्या कॅम्पग्राउंडमध्ये मुक्काम करायचा नाही, एवढे आम्ही आधीच ठरवले आहे. दहा हजार फुटांच्या आसपास हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण सत्तर टक्केच असतो. तिथे पहिल्या रात्री तरुणांचेही डोके दुखते आणि झोप लागत नाही. मग बाबांच्या रक्तदाबाची परीक्षा तिथे कशाला घ्यायची? खालच्या कॅम्पग्राउंडांपैकी लोअर लेहमन सुमारे ७,३०० फुटांवर आहे. तिथे ओढ्याचा आवाज रात्रभर सोबतीला असतो आणि थंडीही जरा सोसवेल अशी असते. दिवसा गाडीने वर जाऊन तास-दोन तास थांबायचे, वरच्या वाहनतळापासून व्हीलचेअरही जाऊ शकेल अशी जी छोटी पायवाट रानात जाते तिच्यावर फिरायचे, आणि उतरायचे. ब्रिसलकोनच्या वनापर्यंत जाऊन-येऊन साडेचार किलोमीटर आणि सहाशे फूट चढ आहे. तो आईच्या गुडघ्यांना जमेल असे मला वाटत नाही, आणि तिथे गेल्यावर ती मागे राहायची नाही, म्हणून आताच लिहून ठेवते. जवळचे रुग्णालय ईली गावात, सुमारे शंभर किलोमीटरवर आहे, हेही तुम्हाला माहीत असावे.

खाण्याचे हाल होणार नाहीत. त्या उंचीवर पाणी ९२-९३ अंशांनाच उकळते आणि उघड्या भांड्यात डाळ काही केल्या शिजत नाही, म्हणून आम्ही लहान प्रेशर कुकर आणि गॅसची शेगडी नेतो. बाहेर झाडांखाली कुकरची शिट्टी झाली की शेजारचे लोक चमकून पाहतात. कडक उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीने शेकोटीला बंदी असते, सप्टेंबर अखेरीस ती पुष्कळदा उठलेली असते, आणि त्याच सुमारास ॲस्पेनची पाने पिवळी होतात. झोपण्यासाठी तुम्हाला फोल्डिंगच्या खाटा आणि जाड स्लीपिंग बॅगा देऊ. जमिनीवर आम्ही दोघे झोपू. हवा फार कोरडी असल्याने ओठ फुटतात आणि तहान न लागताही पाणी पीत राहावे लागते.

तंबू नकोच असे तुमच्यापैकी एकाचेही मत असेल, तर बेकरमध्ये लहानशी मोटेल आहेत. तिथे झोपून दिवसभर डोंगरावर राहता येईल आणि रात्री उशिरापर्यंत तारेही पाहता येतील. मला यात जराही वाईट वाटणार नाही. फक्त आम्हाला बरे वाटावे म्हणून होकार देऊ नका.

सप्टेंबरातल्या अमावास्येच्या आसपासची जागा आधी आरक्षित करावी लागेल, म्हणून या महिन्याच्या अखेरीपर्यंत कळवावे. त्याआधी बाबांनी डॉक्टरांना दोन गोष्टी विचारून ठेवाव्यात: साडेसात हजार फुटांवर दोन रात्री राहिले तर चालेल का, आणि रक्तदाबाच्या गोळीची वेळ किंवा मात्रा बदलावी लागेल का. आईने लोकरीचे मोजे आणि कानटोपी सामानात ठेवावी. बाकीचे सर्व इथे आहे.

तुमची लेक